विश्लेषण : हाड वाढवणारे मानवी प्रथिन जिवाणू कसे तयार करतात? यात सर्वांत अवघड टप्पा कोणता?

मोडलेले हाड बहुतेक वेळा आपले आपण जुळते. प्लास्टर, प्लेट किंवा रॉड ते फक्त जागेवर धरून ठेवतात. नवे हाड शरीरच तयार करते. पण काही फ्रॅक्चर महिनोन्‌महिने जुळत नाहीत. अपघातात हाडाचा तुकडाच निघून गेलेला असतो किंवा मणक्याच्या शस्त्रक्रियेत दोन मणके एकमेकांना जोडायचे असतात. अशा वेळी सर्जन अनेकदा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडा काढून तिथे लावतात. म्हणजे दुखणे एका जागी आणि जखमा दोन जागी. शिवाय कमरेतून काढता येणाऱ्या हाडालाही मर्यादा असते.

याला पर्याय म्हणून ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’ अर्थात बीएमपी या मानवी प्रथिनाकडे पाहिले जाते. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जातीच्या जिवाणूकडूनही ते बनवून घेता येते. जिवाणू आपले काम काही तासांत उरकतो. खरी परीक्षा त्यानंतर असते. ती कोणती आणि प्रथिन स्वस्तात बनले म्हणजे उपचारही सोपा झाला असे का म्हणता येत नाही, हे समजून घेऊ.

बीएमपी म्हणजे काय?

१९६५ साली अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी आम्ल वापरून हाडातील कॅल्शियम काढून टाकले आणि उरलेला मऊ भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. काही आठवड्यांनी तिथे, म्हणजे चक्क मांसात, नवे हाड तयार झाले. याचा अर्थ हाडात असे काही तरी होते, जे आजूबाजूच्या पेशींना ‘हाड बनवा’ असा आदेश देत होते. १९७१ मध्ये या घटकाला बीएमपी हे नाव मिळाले.

पण तो घटक हाती लागायला आणखी बरीच वर्षे गेली. १९८१ मध्ये मूळचे भारतीय असलेले दोन शास्त्रज्ञ, टी. कुबेर संपत आणि ए. हरी रेड्डी यांनी अमेरिकेत महत्त्वाची पायरी ओलांडली. ग्वानिडिन या रसायनाने हाडातील हा घटक विरघळवून बाहेर काढता येतो. उरलेला सांगाडा मग हाड बनवू शकत नाही. विरघळलेला भाग पुन्हा त्या सांगाड्यात मिसळला की ती क्षमता परत येते. थोडक्यात, आदेश देणारा घटक वेगळा आणि त्याला धरून ठेवणारा आधार वेगळा, पण काम होण्यासाठी दोन्ही लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

मग ते हाडातूनच का काढत नाहीत?

कारण प्रमाण. हाडात बीएमपी किलोमागे साधारण एक-दोन मायक्रोग्रॅम इतकेच असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या किटमध्ये १२ मिलिग्रॅम, म्हणजे १२,००० मायक्रोग्रॅम प्रथिन असते. हाडे दळून तेवढे काढायचे तर एका रुग्णामागे काही हजार किलो हाडे लागतील.

ही अडचण जनुकशास्त्राने सोडवली. १९८८ मध्ये अमेरिकेतील जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या कंपनीतील जॉन वॉझनी आणि सहकाऱ्यांनी बीएमपीची मानवी जनुके शोधून वेगळी केली. जनुक म्हणजे प्रथिनाची कृती. ती हाती आली की दुसऱ्या एखाद्या पेशीला देऊन तिच्याकडून तेच प्रथिन बनवून घेता येते. असे प्रथिन म्हणजे ‘रिकॉम्बिनंट’ प्रथिन. १९८२ पासून बाजारात असलेले मानवी इन्सुलिन याच पद्धतीने, ई. कोलायच्याच मदतीने, प्रथम तयार झाले होते.

जिवाणू की सस्तन प्राण्याची पेशी?

अमेरिकेच्या औषध नियामकाने (एफडीए) जुलै २००२ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीच्या ‘इन्फ्यूज’ या उत्पादनाला कमरेच्या मणक्यांच्या एका विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी मंजुरी दिली. त्यातील बीएमपी-२ हे प्रथिन सीएचओ, म्हणजे चायनीज हॅमस्टर या प्राण्याच्या अंडाशयापासून घेतलेल्या पेशींमध्ये तयार होते. या पेशी मानवी पेशींसारख्या वागतात, त्यामुळे प्रथिन थेट योग्य आकारात बाहेर येते. पण त्या नाजूक असतात. त्यांना महागडे खाद्य लागते आणि एकाच्या दोन व्हायला साधारण एक दिवस लागतो.

ई. कोलाय मात्र अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत एकाचे दोन होतात. त्यांना ग्लुकोज, काही क्षार, हवा आणि ३७ अंश सेल्सिअस तापमान पुरते. गणित सरळ आहे : त्याच आकाराच्या टाकीत, कमी दिवसांत, कमी खर्चात जास्त माल. मग अडते कुठे?

कारखान्यात नेमके काय घडते?

शरीरात बीएमपी-२ आधी ३९६ अमिनो आम्लांच्या लांब साखळीच्या रूपात बनते. त्यातील पुढचा भाग घडी घालायला मदत करतो आणि नंतर कापला जातो. शेवटी उरते ती ११४ अमिनो आम्लांची साखळी. अशा दोन साखळ्या एकमेकींना जोडल्या की काम करणारे प्रथिन तयार होते.

जिवाणूला सहसा फक्त या ११४ अमिनो आम्लांच्या भागाचे जनुक दिले जाते. ते प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यात बसवतात आणि कडे जिवाणूत सोडतात. जनुकाच्या आधी एक ‘स्विच’ असतो. टाकीत जिवाणूंची गर्दी पुरेशी झाली की लॅक्टोजसारखे दिसणारे आयपीटीजी हे रसायन घालतात आणि स्विच सुरू होतो. पुढचे काही तास जिवाणू बाकीची कामे मागे टाकून हेच प्रथिन बनवत राहतात.

मात्र बनते ते प्रथिन नसते, तर प्रथिनाचा गुंता असतो. जिवाणूच्या पोटात या साखळ्या एकमेकींत अडकून त्यांचे घट्ट गोळे होतात. त्यांना ‘इन्क्लुजन बॉडी’ म्हणतात. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे समजा. प्रथिन तेच असते, पण आकार बिघडलेला, त्यामुळे ते निरुपयोगी.

गुंता का होतो?

बीएमपी-२च्या प्रत्येक साखळीत सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचे सात रेणू असतात. त्यांना टिचबटणे समजा. सहा बटणे आपसात लागून साखळीच्या आत तीन जोड्या बनतात. त्यांची एक घट्ट गाठ होते आणि प्रथिनाचा आकार पक्का होतो. सातवे बटण दुसऱ्या साखळीच्या सातव्या बटणाला लागते.

आता शक्यता मोजा. सातांपैकी एक बटण बाहेर ठेवायचे आणि उरलेल्या सहांच्या तीन जोड्या लावायच्या, तर हे १०५ प्रकारे करता येते. त्यातला योग्य प्रकार एकच. मानवी पेशीत हे काम करण्यासाठी स्वतंत्र कप्पा आणि मदतनीस प्रथिने असतात. ई. कोलायमध्ये असा कप्पा नाही. उलट त्याच्या पोटातील रासायनिक वातावरण असे असते की अशी बटणे लागलीच तरी उघडतात. त्यामुळे साखळ्या अर्धवट उघड्या राहतात आणि एकमेकींना चिकटतात.

याच्या उलट उदाहरण हाडांच्याच औषधांत सापडते. हाडांच्या ठिसूळपणावर दिले जाणारे टेरिपॅराटाइड हे रिकॉम्बिनंट औषधही २००२ मध्येच अमेरिकेत मंजूर झाले आणि ते ई. कोलायमध्येच तयार होते. पण ते फक्त ३४ अमिनो आम्लांचे आहे आणि त्यात सिस्टीन एकही नाही. बटणेच नाहीत, त्यामुळे ती चुकीची लागण्याचा प्रश्नच नाही. भारतीय कंपन्याही हे औषध बनवतात. म्हणजे ‘हाडांचे प्रथिन जिवाणूत बनवणे’ मुळात अवघड नाही. अवघडपणा त्या प्रथिनाच्या आकारात आहे.

मग गुंता सोडवतात कसा?

या टप्प्याला ‘रीफोल्डिंग’, म्हणजे पुन्हा घडी घालणे म्हणतात. सगळ्या प्रक्रियेतील हा सर्वांत अवघड टप्पा.

आधी जिवाणू उच्च दाबाखाली फोडतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गोळे वेगळे करतात आणि धुतात. मग ते युरिया किंवा ग्वानिडिनच्या तीव्र द्रावणात विरघळवतात. १९८१ मध्ये हाडातून बीएमपी बाहेर काढणारे हेच ते ग्वानिडिन. सोबत सगळी टिचबटणे उघडणारे रसायनही असते. आता साखळ्या पूर्ण मोकळ्या, सरळ झालेल्या असतात.

त्यानंतर हे द्रावण मोठ्या टाकीत खूप विरळ करतात. तिथे आम्लता, मीठ आणि तापमान काटेकोर राखलेले असते. ग्लुटाथायोन या रसायनाची दोन्ही रूपे मोजून मिसळलेली असतात. त्यातले एक रूप बटणे लावते आणि दुसरे चुकीची लागलेली उघडते. लागणे-उघडणे असे चालू राहते आणि हळूहळू जास्तीत जास्त साखळ्या योग्य आकारात येतात. याला अनेकदा काही दिवस लागतात. जिवाणूने काही तासांत बनवलेल्या मालाला घडी घालायला दिवस लागतात, ते असे.

घाई करायची म्हणून द्रावण दाट ठेवले तर साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात. त्यामुळे टाकी मोठीच लागते. समजा लिटरमागे ०.१ ग्रॅम प्रथिन ठेवले, तर एका ग्रॅमला १० लिटर आणि १०० ग्रॅमला १,००० लिटर द्रावण लागेल. त्यातलेही सगळे प्रथिन योग्य आकारात येत नाहीच. फर्मेंटरमध्ये वाचलेल्या पैशांचा मोठा भाग इथे खर्च होतो. दुसरीकडे, एक ग्रॅम शुद्ध प्रथिन हाती आले तर १२ मिलिग्रॅमची ८० हून अधिक किट भरतात. म्हणूनच जगभरात या टप्प्यावर इतके काम झाले. जर्मनीतील संशोधकांनी ई. कोलायमधून बनवून घडी घातलेल्या बीएमपी-२चे स्फटिक करून १९९९ मध्ये त्याची त्रिमितीय रचना उलगडली. जिवाणूच्या मालातूनही अचूक आकाराचे प्रथिन मिळू शकते, याचा तो भक्कम पुरावा होता.

शुद्धीकरणात कशाची भीती असते?

घडी घातल्यावर द्रावणात एकेरी साखळ्या, चुकीच्या जोड्या आणि योग्य जोड्या असे सगळे मिसळलेले असते. बीएमपी-२ला हेपारिनची ओढ असते. त्यामुळे हेपारिन बसवलेल्या स्तंभातून द्रावण सोडले की योग्य जोड्या घट्ट धरल्या जातात आणि नंतर मिठाच्या द्रावणाने त्या सोडवून घेता येतात.

दुसरा शत्रू एंडोटॉक्सिन. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात हा पदार्थ असतो. शरीरात गेल्यावर तो ताप आणि दाह निर्माण करतो, इतकेच नव्हे तर हाड विरघळवणाऱ्या पेशींनाही चेतवतो. हाड वाढवायला दिलेल्या औषधातच हाड झिजवणारी भेसळ राहिली, तर मूळ हेतूच फसतो. त्यातून बीएमपी-२वर धन भार आणि एंडोटॉक्सिनवर ऋण भार, त्यामुळे दोघे एकमेकांना चिकटतात. म्हणून त्यांना वेगळे करणे आणि प्रत्येक बॅच तपासणे अनिवार्य असते.

जिवाणूचे बीएमपी मानवी बीएमपीसारखेच असते का?

एक फरक उरतो. सस्तन प्राण्यांच्या पेशी या प्रथिनाला साखरेच्या रेणूंची साखळी जोडतात, ई. कोलाय जोडत नाही. एरिथ्रोपोएटिनसारख्या औषधाला रक्तात टिकण्यासाठी ही साखर लागते, म्हणून ते जिवाणूत बनवून भागत नाही. बीएमपी-२चे तसे नाही. ते रक्तातून फिरवायचे नसते, जागेवरच ठेवायचे असते. साखर नसली तरी ते काम करते. मात्र शरीराच्या नेहमीच्या आम्लतेला ते पाण्यात कमी विरघळते, त्यामुळे साठवण आणि वापर यांची आखणी वेगळी करावी लागते.

प्रथिन काम करते का, हे पाहायला उंदराच्या स्नायूपेशी वापरतात. खरे बीएमपी-२ मिळाले की या पेशी स्नायूंची वाट सोडून हाडपेशींसारख्या वागू लागतात आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर बनवू लागतात. ते मोजता येते. पुढची कसोटी प्राण्यांच्या त्वचेखाली किंवा स्नायूत हाड तयार होते का, हे पाहण्याची. म्हणजे तत्त्व युरिस्ट यांच्याच प्रयोगाचे.

दक्षिण कोरियात ई. कोलायमधून बनवलेले बीएमपी-२ दंतशस्त्रक्रियेत आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरात आहे. म्हणजे ही गोष्ट आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही.

प्रथिन स्वस्त झाले, तर प्रश्न मिटला?

इथे सीएचओ पेशींतून बनलेल्या ‘इन्फ्यूज’चा अनुभव महत्त्वाचा आहे. सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक होते. नडगीच्या हाडाच्या उघड्या फ्रॅक्चरच्या ४५० रुग्णांवरील चाचणीत बीएमपी-२च्या जास्त मात्रेमुळे पुन्हा शस्त्रक्रिया किंवा अन्य उपचार करावे लागण्याची जोखीम ४४ टक्क्यांनी कमी झाली. २००४ मध्ये त्या वापरालाही अमेरिकेत मंजुरी मिळाली.

पण डॉक्टर ते मंजुरी नसलेल्या ठिकाणीही वापरू लागले. जुलै २००८ मध्ये एफडीएने मानेच्या मणक्यातील वापराबाबत इशारा दिला. मानेत सूज येऊन श्वास घेणे आणि गिळणे अवघड झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि त्यातील काही जिवावर बेतणाऱ्या होत्या. २०११ मध्ये ‘द स्पाइन जर्नल’ने जुन्या चाचण्यांची छाननी प्रसिद्ध केली. कंपनीच्या आर्थिक पाठबळावर झालेल्या अभ्यासांत ७८० रुग्णांना बीएमपी-२ दिले होते आणि त्यामुळे झालेला एकही दुष्परिणाम नोंदवलेला नव्हता. छाननी करणाऱ्यांच्या मते प्रत्यक्षात हे प्रमाण वापराच्या जागेनुसार १० ते ५० टक्के होते. त्यानंतर कंपनीने रुग्णांची मूळ माहिती येल विद्यापीठाच्या उपक्रमाकडे सोपवली. २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तिचे विश्लेषण केले. मणका जोडण्यासाठी कमरेच्या हाडाच्या तुलनेत रुग्णाला मिळणारा फायदा फारसा नाही, असा त्यांचा सूर होता.

प्रथिन खोटे होते का? नाही. प्रश्न मात्रेचा आणि जागेचा होता. आदेश देणारा घटक आणि त्याला धरून ठेवणारा आधार दोन्ही लागतात, हे संपत आणि रेड्डी यांच्या प्रयोगात दिसले होते. ‘इन्फ्यूज’मध्ये आधार म्हणून कोलॅजनचा स्पंज आहे आणि त्यातून प्रथिन लवकर बाहेर पडते. हाडापर्यंत पुरेसे पोहोचावे म्हणून मात्रा शरीरातील नैसर्गिक प्रमाणाच्या कित्येक पट ठेवावी लागते. जास्तीचे प्रथिन आजूबाजूला पसरले तर सूज येते, नको तिथे हाड तयार होते.

नको तिथे आदेश पोहोचला तर काय होते, याचे टोकाचे उदाहरण निसर्गात आहे. ‘एफओपी’ या अतिदुर्मीळ आनुवंशिक आजारात स्नायूंचे हळूहळू हाड होत जाते. बीएमपीचा आदेश घेणाऱ्या ‘एसीव्हीआर१’ या ग्राहीच्या जनुकातील बिघाड हे त्याचे कारण असल्याचे २००६ मध्ये स्पष्ट झाले.

म्हणून आता संशोधनाचा भर आधारावर आहे. हाडातील खनिजासारखेच असलेले हायड्रॉक्सिॲपेटाइट वापरले तर प्रथिन जागेवर धरून हळूहळू सोडता येते. कोरियातील काही उत्पादनांत तेच वापरतात. हेतू हा, की कमी प्रथिनात काम व्हावे. स्वस्त प्रथिनाचा खरा उपयोग असे नवे आधार भरपूर तपासून पाहता येण्यात आहे. ‘स्वस्त आहे, जरा जास्त घाला’ हा त्याचा सर्वांत वाईट उपयोग ठरेल.

सर्वसामान्यांनी काय लक्षात ठेवावे?

पहिले, हे प्रथिन खाण्याचे नाही. ‘हाडे वाढवणारे प्रोटीन’ असे लिहिलेल्या पावडरीशी त्याचा संबंध नाही. पोटात गेलेले बीएमपी डाळीतल्या प्रथिनासारखेच पचून जाईल. ते फक्त शस्त्रक्रियेत, हाडाच्या जागी ठेवले जाते.

दुसरे, ‘जिवाणूपासून बनवलेले’ म्हणजे दुय्यम नव्हे. मधुमेहींच्या इन्सुलिनचा इतिहास तिथूनच सुरू झाला. पण ‘मानवी प्रथिन’ म्हणजे निर्धोक असेही नव्हे. भारतात कोणत्याही रिकॉम्बिनंट औषधाला जैवतंत्रज्ञान विभागाची ‘आरसीजीएम’ समिती आणि केंद्रीय औषध नियामक ‘सीडीएससीओ’ यांच्या चाळणीतून जावे लागते. त्याचे कारण वरच्या प्रत्येक टप्प्यात दिसते.

तिसरे, घरातील कुणाच्या शस्त्रक्रियेत बीएमपीचा पर्याय पुढे आला, तर डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारा. या हाडासाठी ते मंजूर आहे का? मात्रा किती? ते कोणत्या आधारावर ठेवणार? आणि माझ्याच हाडाचा तुकडा वापरण्यापेक्षा माझ्या बाबतीत त्याचा फायदा काय?

जिवाणूने साखळी बनवली, अभियंत्यांनी तिची घडी घातली, तरी हाड शेवटी रुग्णाच्याच पेशी बनवतात. त्यांना आदेश किती मोठ्याने द्यायचा, हे ठरवणे अजूनही माणसाच्या हातात आहे.